लिहिलेलें खरें, कीं बोललेलें?

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. चार लोकांत सांगण्याइतका तो मोठा नव्हता. परंतु त्यामुळें आमच्या वहिनी आठ दिवस जवळजवळ मुक्या झाल्या होत्या, आणि ज्यांच्या बोलण्यानें आमचें घर पहांटे जागें होतें, त्यांचें तें मौन सर्वांनाच जड गेलें. प्रसंग आमचा असला तरी त्यांतील प्रश्न प्रत्येक सुशिक्षित घरांतला आहे. म्हणून तो वाचकांपुढें ठेवितों.

आमची नात रमा चौथींत शिकते. 'माझी आजी' या विषयावर तिनें शाळेंत निबंध लिहिला. घरांत दोन आज्या असल्यामुळें तिनें थोरलीची, म्हणजे वहिनींची निवड केली. वहिनी माहेरच्या गुहागरकडच्या. लग्न होऊन पुण्यास आल्या त्याला साठ वर्षें होत आलीं. परंतु कोंकणांतील ब्राह्मण घरांतून बायका जसें बोलतात, तसेंच त्या अजून बोलतात. 'मी येत्यें', 'मी सांगत्यें' हीं त्यांचीं नेहमींचीं रूपें. रमेनें निबंधांत त्यांचें एक वाक्य जसेंच्या तसें उतरून घेतलें : 'मी पूजा करत्ये, तोंवर तू दूध पी.' बाईंनीं 'करत्ये' या शब्दाखालीं तांबडी रेघ ओढली, वर 'करते' असें लिहिलें, शेजारीं 'अशुद्ध' असा शेरा मारला आणि अर्धा गुण कापला.

मुलीला त्या अर्ध्या गुणाचें वाईट वाटलें. घरीं येऊन दप्तर टाकण्यापूर्वींच ती वहिनींना म्हणाली, "मोठी आजी, तू अशुद्ध बोलतेस. बाईंनी वहीत लिहिलंय." मनांत कांहीं न ठेवतां ती बोलली. वहिनी प्रथम हंसल्या. मग निवडीत बसल्या होत्या तें सूप खालीं ठेवून म्हणाल्या, "खरं आहे हो. आता या वयात शुद्ध कुठून आणू?" त्या दिवसापासून त्यांनीं पोरीशीं बोलणें हळूहळू कमी केलें. रात्रीं गोष्ट सांगावयाची तर, "तुझ्या आईला सांग हो" असें म्हणून त्या कुशीवर वळत. आपल्या बोलण्यानें पोरीची भाषा बिघडेल, अशी त्यांची समजूत झाली होती.

हा गुंता सोडविण्याचें काम अर्थातच माझ्याकडे आलें. शुद्धलेखनाचा आग्रह धरणारा म्हणून घरांत माझी ख्याति (कांहींच्या मतें अपकीर्ति) आहे. शिवाय हें सदर मी जुन्या पद्धतीनें, डोक्यावरच्या बिंदूंसह लिहितों व संपादक तें चालवून घेतात. तेव्हां एके दिवशीं संध्याकाळीं रमेला जवळ घेऊन मीं विचारलें, "आपण बोलतों तसेंच लिहितों, असें तुला वाटतें का?" "हो," ती म्हणाली, "बाई सांगतात की इंग्रजीत तसं नसतं, पण मराठीत बोलतो तसंच लिहितो." बाईंनीं सांगितलें तें आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेलें आहे, आणि बऱ्याच अंशीं तें खरेंहि आहे. इंग्रजी 'नाइट' या शब्दाच्या आरंभीं 'के' हें अक्षर लिहितात आणि बोलतांना गाळतात. तें अक्षर एके काळीं उच्चारांत होतें. उच्चार गेला, अक्षर राहिलें. आपल्याकडे एवढी ओढाताण नाहीं. तथापि अगदीं नाहीं असें मात्र नव्हे. तें रमेला पटविण्यासाठीं आम्हीं एक खेळ मांडला.

पहिला शब्द घेतला 'घर'. लिहितांना दोन्ही अक्षरें पूर्ण : घ आणि र, दोहोंतहि 'अ' आहे. बोलतांना मात्र शेवटचा 'अ' आपण गिळतों, आणि उच्चार 'घर्' असा होतो. 'करवत' या शब्दांत तर दोन 'अ' नाहींसे होतात, बोलतों 'कर्‌वत्'. पण 'चंद्र', 'धर्म' या शब्दांच्या शेवटीं जोडाक्षर असल्यामुळें तोच 'अ' तेथें ऐकूं येतो. कोठें गाळावयाचा आणि कोठें ठेवावयाचा, हें कोणत्याहि बाराखडींत लिहिलेलें नाहीं. रमेला तें कोणीं शिकविलें? कोणींच नाहीं, तिच्या कानानें शिकविलें.

दुसरी जोडी 'चक्र' आणि 'चाक' यांची. मीं तिला सांगितलें, जीभ कोठें लागते तें पाहा. 'चक्र' म्हणतांना ती टाळूला टेकते. 'चाक' म्हणतांना पुढें सरकून दांतांच्या मागें येते. व्याकरणकार पहिल्या 'च'ला तालव्य म्हणतात व दुसऱ्याला दंततालव्य. 'चंद्र' आणि 'चांदणें' यांतहि तोच भेद. 'त्याचा' म्हणतांना एक 'च', तर 'त्याची' आणि 'त्याचे' म्हणतांना दुसरा. 'माझा' आणि 'माझी' यांतले 'झ' असेच निराळे. 'जरा' हा शब्द थोडें या अर्थानें घेतला तर एक उच्चार, आणि संस्कृतांतून आलेला म्हातारपण या अर्थाचा घेतला तर दुसरा. लिपींत मात्र दोहोंना एकच चिन्ह. काश्मिरी भाषा देवनागरींत लिहितात तेव्हां असा दंततालव्य उच्चार दाखविण्यासाठीं अक्षराखालीं टिंब देतात. मराठीच्या रोजच्या लेखनांत आपण तें कधीं स्वीकारलें नाहीं, आणि त्यावांचून आपलें अडलेंहि नाहीं. परंतु केवळ पुस्तकावरून मराठी शिकणारा परका मनुष्य 'चमचा' म्हणूं लागला कीं आपल्याला हंसूं येतें, तें याच कारणानें.

मग मीं उलट बाजू दाखविली. वरच्या शब्दांत उच्चार दोन व अक्षर एक; 'श' आणि 'ष' यांत अक्षरें दोन व उच्चार बहुधा एकच. 'ऋषि' लिहितों आणि 'रुशी' म्हणतों. 'ज्ञ' या अक्षरांत ज् आणि ञ आहेत; पण आपण म्हणतों 'द्न्यान', हिंदी बोलणारे म्हणतात 'ग्यान', गुजराती म्हणतात 'ग्नान'. लिहितात सगळे एकच. यांतला कोण अशुद्ध?

ऱ्हस्वदीर्घाची कथाहि अशीच. 'फूल' लिहितांना ऊकार दीर्घ आणि 'फुलाला' लिहितांना ऱ्हस्व. येथें लेखन उच्चाराच्या मागून जातें. 'गरीब, गरिबाला', 'सून, सुनेला' हीं रूपें तशींच. परंतु 'गुण' हा संस्कृत शब्द आहे, म्हणून आपण तो ऱ्हस्व लिहितों आणि 'गूण' असा लांबवून म्हणतों. तेथें लेखन आपल्या तोंडाच्या मागून जात नसून संस्कृत कोशाच्या मागून जातें. म्हणजे एकाच पानावर एक शब्द कानाशीं इमान राखतो, तर दुसरा कुळाशीं.

एवढें झाल्यावर रमेनें माझ्या टेबलावरचा कागद ओढला आणि विचारलें, "मग आजोबा, तुम्ही हे इतके ठिपके का देता? म्हणत तर नाही."

प्रश्न रास्त होता. संस्कृतांत नपुंसकलिंगी शब्दांच्या अंतीं जो 'म्' असे, त्याचा प्राकृतांत अनुस्वार झाला. जुन्या मराठींत तो नाकांतल्या उच्चाराच्या रूपानें उरला, आणि 'केलें', 'तें', 'चांगलें' या रूपांवर तो बिंदु होऊन बसला. देशावरच्या बोलण्यांतून तो नाकांतला उच्चार हळूहळू गेला. बिंदु मात्र राहिला. कोंकणी भाषेंत 'तें', 'हांव' असे शब्द आजहि नाकांतून उच्चारतात, आणि चित्पावनी बोलीचें तर तें लक्षणच समजलें जातें. म्हणजे पुण्यांत जो बिंदु केवळ डोळ्यांसाठीं राहिला, तो समुद्राकडे अजून कानांसाठीं आहे. शिवाय त्याचे कांहीं उपयोगहि होते. 'नांव' म्हणजे ज्यानें हांक मारावयाची तें, आणि 'नाव' म्हणजे पाण्यांत चालते ती. 'ती' म्हणजे एक मुलगी, आणि 'तीं' म्हणजे अनेक मुलें.

परंतु न उच्चारलेला बिंदु लक्षांत ठेवून देणें हें लहान मुलांना व खेड्यापाड्यांतील नवशिक्षितांना मोठें ओझें होतें, हें नाकारतां येत नाहीं. मराठी साहित्य महामंडळानें सिद्ध केलेले लेखनविषयक १४ नियम महाराष्ट्र शासनानें १९६२ सालीं मान्य केले. १९७२ सालीं त्यांत आणखी ४ नियमांची भर पडून ते १८ झाले. या नियमांनीं अनुच्चारित बिंदु काढून टाकला, अनेकवचनाचा ठेविला. 'कवि', 'पद्धति' यांचा शेवट उच्चाराप्रमाणें दीर्घ केला. 'विद्वान्', 'अर्थात्' यांचा पाय सोडविला. एक सोय तर विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. बोलण्यांतलीं 'असं', 'केलं' अशीं रूपें लिहावयाचीं झाल्यास शेवटच्या अक्षरावर शीर्षबिंदु देण्यास त्यांनीं मोकळीक ठेविली. गंमत अशी कीं, तो बिंदु नाकांतल्या उच्चाराचा मुळींच नव्हे. शेवटचा 'अ' थोडा लांबवून म्हणावा एवढीच ती खूण आहे. जुना बिंदु गेला आणि त्याच जागेवर नवा बिंदु निराळें काम करावयास आला.

मी जुन्या वळणाचा आहें. हातची संवय सुटत नाहीं. पण नवे नियम आले म्हणून मराठी बुडाली, असें मीं कधीं म्हटलें नाहीं. लिपि ही माणसानें केलेली वस्तु आहे. ती दुरुस्त करावी लागते, आणि कित्येकदां ती उत्तम रीतीनें दुरुस्त होतेहि. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' या दोन वाक्यांचा विचार करा. पहिल्यांत विद्वान् गुरु येतील, दुसऱ्यांत स्वयंपाकी. 'दर्या' म्हणजे समुद्र, आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतल्या. हा भेद आपला कान अचूक जाणतो, आणि तो दाखविण्यासाठीं मराठीनें 'ऱ्य' हें निराळें वळण ठेविलें. तसेंच 'बॅट' आणि 'बॉल' यांतले स्वर इंग्रजींतून आले, तेव्हां त्यांच्यासाठीं अर्धचंद्राची खूण आपण वापरूं लागलों. २००९ सालीं शासनानें प्रमाण वर्णमाला ठरविली, तींत 'ॲ' आणि 'ऑ' यांना रीतसर जागा मिळाली. उलट, सावरकरांनीं लिपिशुद्धीच्या चळवळींत 'अि', 'अु', 'अे' अशी स्वरांची बाराखडी पुढें मांडली होती. तिनें छापखान्यांतील खिळ्यांची संख्या कमी झाली असती व जुळाऱ्याचें काम हलकें झालें असतें. कांहीं मासिकांनीं ती काहीं वर्षें चालविलीहि; परंतु लोकांच्या डोळ्यांनीं ती मानली नाहीं, आणि ती मागें पडली. लिपींत काय टिकेल हें एकटा शास्त्रज्ञ ठरवीत नाहीं, एकटें सरकारहि नाहीं. वाचणाऱ्या लोकांची संवय त्यांत मोठा भाग घेते.

सारांश, कोणतीहि लिपि म्हणजे बोलण्याचें छायाचित्र नव्हे. चिनी लिपींतील मजकूर पेकिंगचा मनुष्य एका उच्चारानें वाचतो आणि कँटनचा दुसऱ्या, तरी अर्थ दोघांनाहि कळतो. अरबी लिपि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीं. वाचणारा ते आपल्या ज्ञानानें भरतो. कोरियाचा राजा सेजोंग यानें १४४६ सालीं आपल्या प्रजेसाठीं मुद्दाम नवीन लिपि जाहीर केली, तींत कांहीं अक्षरांच्या आकृति तोंडांतल्या जिभेच्या ठेवणीवरून बेतलेल्या आहेत. एवढी कानाशीं जुळती लिपि. परंतु तेथेंहि आज कित्येक शब्द उच्चाराप्रमाणें न लिहितां मूळ धातु ओळखूं यावा अशा रीतीनें लिहितात. ज्यानें त्यानें आपल्या गरजेप्रमाणें कांहीं ठेविलें, कांहीं सोडलें. माणसाला लिहितां येऊं लागून पांच हजारांहून थोडीं अधिक वर्षें झालीं. बोलणें त्याच्या कितीतरी आधींचें. मूल आईच्या मांडीवर बोलावयास शिकतें, पाटीपेन्सिल मागाहून हातीं येते. मग मागून आलेल्यानें आधींच्याला 'अशुद्ध' म्हणणें कितपत योग्य?

रमेला एवढें पटलें. ती धांवत वहिनींकडे गेली आणि म्हणाली, "आजोबा म्हणतात, तू अशुद्ध नाहीस." वहिनी म्हणाल्या, "आजोबांना काय, ते माझी समजूत काढणारच." माझें व्याख्यान तेथें संपलें. ज्याचें मन दुखावलें आहे त्याला व्याकरण सांगून काय उपयोग?

उपयोग झाला तो एका जुन्या कागदाचा. वहिनींच्या ट्रंकेंत, त्यांच्या आईच्या शालूच्या घडींत, एक पत्र आहे. वहिनींच्या आईला त्यांच्या आईनें गुहागरहून शके १८५१ मध्यें, म्हणजे १९२९ सालीं पाठविलेलें. स्वतःच्या हातचें नव्हे. शेजारच्या गृहस्थांना मजकूर सांगून लिहविलेलें, आणि तेंहि मोडींत. वहिनींची ही आजी त्यांच्या जन्मापूर्वींच वारली. आई असतांना पत्र वाचून घ्यावयाचें सुचलें नाहीं, आणि ती गेल्यावर वाचणारेंच घरांत कोणी उरलें नाहीं. गेल्या आठवड्यांत आमच्या परिचयाचे एक इतिहासाचे अभ्यासक सहज भेटीस आले. त्यांना मोडी येते, हें आठवून मीं वहिनींना पत्र काढावयास सांगितलें.

मोडी ही घाईची लिपि. ती यादवांच्या पदरीं असलेल्या हेमाद्रि पंडितानें चालू केली अशी परंपरा आहे. विद्वानांत त्याविषयीं मतभेद आहेत. कागदावर आधीं आडव्या रेघा ओढून घ्यावयाच्या आणि त्यांखालीं बोरू शक्य तों न उचलतां लिहीत जावयाचें, अशी तिची रीत. शब्दांमध्यें जागा सोडीत नाहींत. इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घ असा भेद नाहीं. अनुस्वारहि लिहिणारे पुष्कळदां गाळतात. आपल्या राज्यकारभाराचे, सावकारीचे, वतनांचे लक्षावधि कागद या लिपींत आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरांत आहेत आणि मराठ्यांचें राज्य जेथें गेलें त्या तंजावरासहि आहेत. छपाईला बाळबोध सोयीची पडली, शाळांतून मोडी गेली, आणि दोन पिढ्यांत आपल्याच आजोबांची अक्षरें आपल्याला परकीं झालीं. २०१४ सालीं संगणकाच्या जागतिक वर्णसंग्रहांत, युनिकोडांत, मोडीला जागा मिळाली. पण अक्षराला जागा मिळणें निराळें आणि वाचणारा मिळणें निराळें.

गृहस्थांनीं चष्मा पुसून पत्र उजेडाकडे धरलें आणि एकेक ओळ लावीत वाचूं लागले. प्रारंभीं चिरंजीव सौभाग्यवतीस अनेक आशीर्वाद, येथील क्षेम, तेथील कळवावें, असा नेहमींचा मायना. मग गाय व्याल्याचें वर्तमान. पुढें एका ठिकाणीं ते अडले. "येथें 'सुत' असें आहे," ते म्हणाले. "मोडींत उकार एकच, तेव्हां 'सुत' म्हणजे मुलगा कीं 'सूत' म्हणजे कांतलेलें, हें अक्षरावरून सांगतां येत नाहीं." रमेनें मान पुढें केली. त्यांनीं पुढचा शब्द लावला : 'पाठविलें'. "हां, मुलगा असता तर 'पाठविला' असतें. हें कांतलेलेंच सूत." आणि त्यांनीं सगळें वाक्य सलग वाचलें : "डोळ्यांस कमी दिसतें, तरी जानव्याचें सूत काढत्यें. जांवईबापूंसाठीं थोडें सूत पाठविलें आहे. तुझी वाट पाहत्यें."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या. त्या दोन पावलें पुढें आल्या. "काय म्हणालात? पुन्हा वाचा हो."

त्यांनीं पुन्हां वाचलें. मीं मुद्दाम विचारलें, "हें 'त्यें' कागदावर आहे, कीं आपण म्हणतां?" त्यांनीं अक्षरावर बोट ठेविलें. "बिंदु नाहीं, तो माझा, पण 'त्ये' अगदीं स्पष्ट आहे. तीन ठिकाणीं आहे. लिहिणारानें बाईंच्या तोंडचें जसेंच्या तसें उतरलें आहे."

रमा एकदम म्हणाली, "मोठी आजी, ती पण तुझ्यासारखंच म्हणते!"

"म्हणणारच," वहिनी म्हणाल्या. "माझी आजी ती." त्या खालीं बसल्या, पत्र मांडीवर घेतलें, आणि आपली आई चातीवर सूत कसें काढी, पेळू कसा धरी, जानवें करतांना धागा बोटांवर कसा मोजी, हें सांगूं लागल्या. आठ दिवसांचें साचलेलें बोलणें त्या संध्याकाळीं बाहेर पडलें. 'सांगत्यें' आणि 'आठवत्यें' यांची त्यांत कांहीं वाण नव्हती.

आतां हा प्रसंग वाचून शाळेंतल्या बाईंना कोणी दोष देऊं नये. परीक्षेच्या वहींत प्रमाण भाषा शिकविणें हें त्यांचें कर्तव्य आहे. नागपूरच्या, कोल्हापूरच्या, रत्नागिरीच्या आणि परदेशीं राहिलेल्या मराठी माणसालाहि एकमेकांचें लिहिलेलें विनासायास वाचतां यावें, यासाठीं एक ठरीव लेखन लागतेंच. तें नसेल तर प्रत्येक जिल्ह्याचें वर्तमानपत्र निराळें वाचावें लागेल. तेव्हां मुलांनीं नियम शिकावेत, चांगले शिकावेत; मीहि रमेला तेंच सांगतों. तिनें स्वतःचें म्हणून लिहिलेल्या वाक्यांत 'करत्ये' आलें असतें, तर ती तांबडी रेघ योग्यच होती.

परंतु तिनें आजीचे शब्द अवतरणांत दिले होते. दुसऱ्याच्या तोंडचे शब्द बदलून लिहिणें म्हणजे शुद्धलेखन नव्हे. ती साक्ष फिरविणें झालें. गुहागरच्या त्या शेजाऱ्यानें १९२९ सालीं 'करत्ये'चें 'करते' केलें असतें, तर पत्रांतली माहिती सगळी आली असती : गाय, सूत, क्षेमसमाचार. फक्त ती बाई आली नसती. आणि दुसरें असें कीं, चुकीच्या अक्षराला 'अशुद्ध' म्हणावें. माणसाच्या बोलीला तो शब्द लावूं नये. 'ही शाळेची रीत, ती घरची रीत' एवढें सांगितलें तरी मुलाला कळतें. सणाला रेशमी वस्त्र नेसावयाचें आणि एरवीं सुती, हें तें समजतें कीं नाहीं? सुती वस्त्राला कोणी अपवित्र म्हणत नाहीं.

एक गोष्ट मात्र मला स्वतःला लागली. शुद्धलेखनाचा आग्रह धरतां धरतां आम्हीच घरांत कित्येकदां कोणाच्या 'आलंय-गेलंय'वर, कोणाच्या हेलावर, नव्या सुनेच्या माहेरच्या शब्दावर हंसलों आहों. पोरीनें तो 'अशुद्ध' शब्द शाळेंतून आणला खरा, पण तो म्हणण्याचा सूर तिनें घरांतूनच उचलला असावा. तांबडी शाई बाईंची. तिची धार आमची.

म्हणून या महिन्याचें आमच्या घरचें काम असें ठरलें आहे. रोज संध्याकाळीं वहिनींनीं एक आठवण सांगावयाची, आणि रमेनें ती एका निराळ्या वहींत, वहिनी बोलतात तशीच लिहावयाची. लिपींत बसत नाहीं तेथें कानानें विचार करून खूण ठरवावयाची. भ्रमणध्वनीवर आवाजहि धरून ठेवतां येतो, तोहि आम्ही धरणार आहों. परंतु ऐकून लिहितांना मूल जितकें लक्ष देऊन ऐकतें, तितकें यंत्र त्याच्याकडून ऐकवीत नाहीं. शाळेची वही शाळेच्या नियमांनीं, आणि ही वही आजीच्या. ज्या घरांत जुनें मोडीचें पत्र, वहीखातें किंवा दानपत्र ट्रंकेंत पडलें असेल, त्यांनीं तें वाचणारा शोधून आतांच वाचून घ्यावें. कागद थांबेल, पण तें ऐकून ज्यांच्या डोळ्यांत पाणी यावयाचें ते थांबतीलच असें नाहीं.

वहीचें पहिलें पान काल लिहून झालें. रमेनें तें मला तपासावयास आणून दिलें. मीं तांबडी पेन्सिल घेतली, पान वाचलें, आणि पेन्सिल खालीं ठेविली.